रेंज फुल, पण पैसे जाईनात

“बाळा, रेंज फुल दाखवतंय बघ. मग पैसे का जात नाहीत?”

२०२३ च्या मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. पुण्यात तुळशीबागेतल्या एका बोळाच्या तोंडाशी बांगड्यांची पथारी लावणाऱ्या मावशींनी गिऱ्हाइकाचाच मोबाइल माझ्यासमोर धरला होता. पडद्यावर यूपीआयचं चक्र फिरत होतं, वर कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. ती बाई कंटाळली, “राहू द्या” म्हणाली आणि हातातल्या डझनभर हिरव्या बांगड्या परत ठेवून निघून गेली. मावशींनी त्या बांगड्या दोऱ्यात ओवून पुन्हा जागेवर लावल्या. “सकाळपासनं हे चौथं गिऱ्हाईक,” एवढंच म्हणाल्या.

मी एका मोबाइल कंपनीसाठी नेटवर्क सुधारण्याचं काम करतो. पेठांचा भाग माझ्याकडे येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. ऑफिसातल्या आलेखात तुळशीबाग, मंडई आणि लक्ष्मी रस्त्याच्या कडेचे दोन सेक्टर (टॉवरच्या एकेका दिशेच्या अँटेनाचे भाग) रोज लाल दिसायचे. पण लाल रंगाचा अर्थ त्या परत ठेवलेल्या बांगड्या बघितल्यावर पोटात उतरला.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, फक्त ते कुणी नीट सांगत नाही. रेंजच्या काड्या टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो तेवढंच दाखवतात. त्या टॉवरला तुमच्याशी बोलायला सवड आहे का, ते काड्यांवरून कळत नाही. वाड्यात नळ एकच, त्याला पाणी जोरात, पण रांगेत हंडे साठ, अशी ती स्थिती. फोर-जीमध्ये लहरींची १० मेगाहर्ट्झची पट्टी ५० तुकड्यांत वाटलेली असते आणि दर मिलिसेकंदाला हे तुकडे कुणाला द्यायचे ते टॉवर ठरवतो. आम्ही त्यांना पीआरबी म्हणतो. आमच्या त्या दोन सेक्टरचे तुकडे सकाळी अकरा ते रात्री नऊ जवळजवळ संपलेलेच असायचे. यूपीआयला डेटा चिमूटभरच लागतो, पण ती चिमूटही रांगेतच उभी राहते. तेवढ्यात बँकेकडची वेळ संपते आणि व्यवहार पडतो.

दुसरं दुखणं मला त्या बोळातच सापडलं. टेस्टच्या फोनवर सिग्नल उणे ८४ डीबीएम, म्हणजे उत्तम. पण सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण जेमतेम २ डेसिबल. तीन वेगवेगळ्या सेक्टरचा सिग्नल तिथे सारख्याच जोराने येत होता. तिघे जण एकदम बोलायला लागले की कुणाचंच नीट ऐकू येत नाही. अशा वेळी टॉवर प्रत्येक शब्द सावकाश, फोड करून सांगतो. स्वच्छ सिग्नलमध्ये एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, ६ बिट जातात, इथे २ जात होते. पट्टी तेवढीच, काम तिसरा हिस्सा.

सुरुवातीला ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, नवा टॉवर लावा. पण पेठेत टॉवर लावायला गच्ची कुठून आणायची? जुने वाडे कौलारू. नव्या इमारतींच्या सोसायट्यांनी एकामागून एक नकार दिला. लावला असता तरी त्याच्या वरून येणाऱ्या सिग्नलने गोंगाटात चौथा आवाज मिसळला असता. तेव्हा मी साहेबांना म्हटलं, मला सहा आठवडे द्या, पहिले तीन आठवडे एक रुपयाही खर्च करणार नाही.

हे मी आजही ठामपणे सांगतो. स्वस्तात क्षमता वाढवायची असेल तर खरेदीची यादी करण्याआधी असलेलं नीट वापरलं जातंय का ते बघावं. आमच्या टॉवरवर २३०० मेगाहर्ट्झचा एक मोठा थर, म्हणजे आणखी एक पट्टी, होता आणि तो अर्धा रिकामा. कारण फोन कोणत्या थरावर आधी बसायचं याचा जो प्राधान्यक्रम टॉवर सांगतो, तो कधीतरी जुना थर भरवशाचा वाटत असताना लावलेला होता आणि नंतर कुणी बदललाच नव्हता. तो बदलला. एका सेक्टरची अँटेना चार अंशांनी खाली झुकवली, म्हणजे त्याचा आवाज दुसऱ्याच्या अंगणात जायचा कमी झाला. सोमवार ते गुरुवारचा लाल रंग यातच पिवळा झाला.

तिसऱ्या आठवड्यात अजून एक गोष्ट सापडली. एका सेक्टरच्या अपलिंकमध्ये, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूला, गोंगाट उणे ११८ च्या ऐवजी उणे ९८ डीबीएम, म्हणजे कितीतरी जास्त, दिसत होता. तोही फक्त सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. दुकानांच्या वेळा! यागी अँटेना (दिशा शोधणारी) आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (लहरी दाखवणारं यंत्र) घेऊन मी आणि माझा एक सहकारी दीड दिवस लक्ष्मी रस्त्यावर फिरलो. शेवटी एका तळघरातल्या दुकानात ऑनलाइन मागवलेला बूस्टर सापडला. दुकानदार मनाने सरळ माणूस होता. तळघरात फोन लागत नाही म्हणून त्याने आपल्या परीने उपाय केलेला. असे बूस्टर परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे आणि त्याच्या एका डब्यापायी आजूबाजूच्या शेकडो लोकांचे फोन टॉवरला ऐकू येत नाहीत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांदेखत बूस्टरचा प्लग काढला आणि लॅपटॉपवर गोंगाटाची रेघ खाली कोसळताना दाखवली. त्याच्या ब्रॉडबँडच्या वाय-फायवर व्हॉइस ओव्हर वाय-फाय, म्हणजे वाय-फायवरून साधा कॉल, चालू करून दिलं. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीपासून आहे, पण फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू करायची असते हे कित्येकांना माहीत नसतं. त्याचा तळघरातला प्रश्न सुटला आणि आम्हाला अख्खा सेक्टर परत मिळाला. खर्च शून्य.

तरी शनिवार-रविवार संध्याकाळ तशीच राहिली. मावशींचं चक्र फिरतच होतं. आता तोडगा एकच होता, नळ एकच ठेवून त्याचा जोर वाढवण्याऐवजी गल्लीगल्लीत छोटे नळ काढायचे. म्हणजेच स्मॉल सेल.

स्मॉल सेल म्हणजे बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा डबा. आतमध्ये टॉवरवर असतं तेच सगळं, पण ताकद कमी. टॉवरच्या एका पट्टीला २० ते ४० वॅट, आमच्या डब्याला ५ वॅटच्या दोन शाखा. पोच शंभर-दीडशे मीटर, गल्लीबोळात त्याहून कमी. ही कमी पोच हीच त्याची खरी कमाई आहे, कारण आवाज लांब जात नाही म्हणून तीच पट्टी पुढच्या गल्लीत पुन्हा वापरता येते. सेल लहान करत जायचं आणि तीच लहर पुन्हा पुन्हा वापरायची, हा विचार १९४७ साली बेल लॅब्जमध्ये मांडला गेला. मोबाइलचं सगळं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. आम्ही पेठेत तेच करणार होतो.

माझ्या प्रस्तावावर सगळ्यात जास्त वाद झाला तो एका गोष्टीवरून. थ्री-जी बंद झाल्यापासून मोकळी झालेली २१०० मेगाहर्ट्झची १० मेगाहर्ट्झ पट्टी आमच्या टॉवरवर फोर-जीसाठी चालू होती. मी म्हटलं, तुळशीबागेकडे तोंड असलेल्या दोन सेक्टरवर ती बंद करा आणि फक्त डब्यांना द्या. “चालू थर बंद करायचा? तोही गर्दीत?” साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी फळ्यावर हिशेब मांडला. आत्ता ती पट्टी दोनदा वापरली जाते, म्हणजे १०० तुकडे, तेही गोंगाटात, प्रत्येक चिन्हात २ बिट. चार डबे लावले की तीच पट्टी चारदा, म्हणजे २०० तुकडे, आणि माणूस डब्यापासून तीस-चाळीस मीटरवर उभा म्हणून चिन्हात ६ बिटांपर्यंत. शिवाय टॉवरचा थर चालू ठेवला तर तो डब्याच्याच अंगावर ओरडत राहणार. साहेब बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “चारच डबे. आणि गणपतीच्या आधी.”

जागा ठरवणं हे या कामातलं खरं कसब. मोठ्या टॉवरची जागा पन्नास मीटर इकडेतिकडे झाली तर फारसं बिघडत नाही. डब्याचं तसं नाही. आमच्याकडे टाइमिंग अॅडव्हान्सची आकडेवारी होती. फोन टॉवरपासून किती लांब आहे ते ती ७८-७८ मीटरच्या पायऱ्यांत सांगते. गर्दी चौथ्या-पाचव्या पायरीत, म्हणजे साधारण २३० ते ३९० मीटरच्या पट्ट्यात. पण त्या पट्ट्यात तर अख्खी तुळशीबाग येते. म्हणून तीन शनिवार मी वही घेऊन पायीच फिरलो. कुठे माणसं चालत असतात आणि कुठे थांबतात, ते लिहून काढलं. भातुकलीच्या दुकानांपुढे थांबतात. कानातल्यांच्या पथाऱ्यांपुढे थांबतात. चौकात थांबत नाहीत, नुसती सरकत राहतात. पैसे देताना माणूस उभा असतो, आणि उभ्या माणसालाच डबा खरा उपयोगी.

हे माहीत असूनही पहिला डबा मी चुकीच्या जागी लावला. चौकातला खांब मोकळा होता, चारही बाजूंना नजर पोचत होती, मोह झाला. पण तोच चौक पलीकडच्या तिसऱ्या एका टॉवरच्या थेट समोर होता आणि त्या टॉवरवर २१०० चा थर चालूच होता. फोन ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. डब्याची हद्द आक्रसून पंचवीस मीटरवर आली. खांबाखालची चार माणसं सोडली तर कुणी त्याला लागेना. दहा दिवसांनी तो उतरवला आणि वळणापलीकडे, तीन मजली भिंतीच्या आडोशाला लावला. तिथे टॉवरचा सिग्नल भिंतच अडवते. तोच डबा, तेवढीच ताकद, पण हद्द सत्तर मीटर झाली. टॉवरला जिथे भिंत नडते, तिथे ती डब्याच्या कामी येते.

खांबाच्या परवानगीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, प्रत्यक्षात ती लवकर मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने टेलिग्राफ मार्गहक्क नियमांत दुरुस्ती केली होती. तिच्यात रस्त्यावरच्या खांबांवर स्मॉल सेल लावण्याचं शुल्क शहरी भागात खांबामागे वर्षाला ३०० रुपये आणि ग्रामीण भागात १५० रुपये ठरवलेलं होतं. दूरसंचार नियामक ट्रायनेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, भोपाळ, दिल्ली विमानतळ, कांडला बंदर आणि बंगळुरू मेट्रो इथे प्रत्यक्ष प्रयोग करून, दिव्याचे खांब आणि रस्त्यावरच्या इतर वस्तू यासाठी वापरण्याच्या शिफारशी केल्या होत्या. हे दोन्ही कागद फाइलला जोडले. समोरच्या अधिकारी बाईंनी ते शांतपणे वाचले आणि एकच प्रश्न विचारला, “खांब वजन पेलेल ना?” बरोबर प्रश्न होता. खांबाच्या बुडाशी गंज बघून आम्ही स्वतःच दोन खांब आमच्या यादीतून वगळले. (आता १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार मार्गहक्काचे नवे नियम लागू आहेत. नव्याने अर्ज करणाऱ्याने तेच बघावेत.)

मग कळलं की खांब मिळाला, पण वीज नाही. ही गोष्ट कुठल्याच सादरीकरणात नसते. रस्त्यावरच्या दिव्यांची वाहिनी दिवसा बंद असते! गल्लीच्या टोकाला जो फीडर पिलर असतो, त्यातला टायमर संध्याकाळी वाहिनी चालू करतो आणि सकाळी बंद करतो. आमच्या डब्याला वीज चोवीस तास हवी. वायरमनने पिलरचं दार उघडून मला टायमर दाखवला तेव्हा मी नुसता बघत राहिलो. वेगळी वाहिनी ओढायची तर रस्ता उकरायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेठेत खोदाईला कोण हो म्हणणार?

यातून वाट काढली ती दुकानांनी. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. तिथले काका गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, “वीज माझ्याकडून घ्या. पण मीटर वेगळा लावा, आणि हिशेब दर महिन्याला चोख.” डबा सरासरी ८० वॅट खातो. म्हणजे महिन्याला जवळजवळ ५८ युनिट. सब-मीटर, वेगळा एमसीबी, लेखी करार आणि वर थोडं भाडं. काकांचं बघून बाकीचे दोघे तयार झाले. चौथ्या जागी एका वाड्याच्या जिन्यातल्या सामाईक मीटरवरून वीज घेतली. नवीन वीजजोडणी आणि खोदाई यांच्या मानाने हा खर्च किरकोळ निघाला. वर एक फायदा झाला, तो मी आधी धरलेलाच नव्हता. डबा बंद पडला की काका स्वतःहून फोन करतात. आमच्या अलार्मच्या आधी.

बॅकहॉलचंही तसंच. डब्यापासून मुख्य नेटवर्कपर्यंतची दोरी, म्हणजे फायबर, हा आमच्या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा होता, डब्यापेक्षाही मोठा. मग लक्षात आलं, वर मान केली तर पेठेत आकाशापेक्षा केबलच जास्त दिसतात. स्थानिक केबलवाल्याचं फायबर प्रत्येक वाड्यापर्यंत आलेलं आहे. त्याच्या जीपॉनवर (एका फायबरवरून अनेक घरं जोडणाऱ्या जाळ्यावर) खाली २.५ आणि वर १.२५ गिगाबिटची वाट असते, ती बऱ्याच घरांत वाटली जाते. आमच्या चार डब्यांना त्यातला हमी दिलेला छोटा हिस्सा पुरणार होता. केबलवाल्याकडचा पोरगा दुचाकीवर आला, खांद्याला स्प्लायसिंगची पेटी. वाड्याच्या ओट्यावर मांडी घालून बसला, केसासारखी काच सोलली, कापली, मशीनमध्ये ठेवून जोडली आणि वर फुंकर घालून झाकण लावलं. चार जागा दीड दिवसात. मधली सगळी वाहतूक आयपीसेकच्या, म्हणजे सांकेतिक कुलूप घातलेल्या, बोगद्यातून जाते, त्यामुळे दुसऱ्याच्या तारेवरून गेली तरी काळजी नाही.

तारेचा प्रश्न सुटला, पण तिने घड्याळाचा उभा केला. चाचणीसाठी सुरुवातीला मी एक डबा २३०० मेगाहर्ट्झचा मागवला होता. त्या पट्टीत बोलणं आणि ऐकणं आळीपाळीने एकाच लहरीवर चालतं. म्हणून शेजारच्या सगळ्या सेलची घड्याळं तीन मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली लागतात, नाहीतर एक बोलत असताना दुसरा ऐकत बसतो आणि दोघांचं काम बिघडतं. वेळ मिळते जीपीएसकडून. पण बोळातून आकाशाची एक चिंधी दिसते. सकाळी डब्याला उपग्रह मिळायचे, दुपारी निसटायचे, आणि मग तो गुमान स्वतःला बंद करून घ्यायचा. केबलवाल्याच्या जाळ्यातून एवढी काटेकोर वेळ पोचवायची तर त्याची उपकरणं बदलावी लागणार. चार दिवस मी त्या बोळात मान वर करून घालवले. पाचव्या दिवशी तो डबा परत केला.

२१०० वर तसं नाही. तिथे बोलायची आणि ऐकायची पट्टी वेगळी. घड्याळ जुळायला नको, फक्त सूर जुळायला हवा. या ताकदीच्या डब्याला लहरीत एक कोटीत एक एवढी चूक चालते आणि तेवढी अचूकता साध्या फायबरवरून मिळते. जीपीएस नको, गच्चीवर वायर नको, गच्चीच्या मालकाची परवानगीही नको. तांत्रिक निवडीने किती पैसे वाचतात ते मला इथे दिसलं. नवी चकचकीत पट्टी घ्यायची हौस असते, पण गल्लीत जुनी पट्टी स्वस्त पडते.

तिसऱ्या खांबासमोर पहिल्या मजल्यावर एक आजोबा राहतात. काम चालू असताना ते खिडकीतून बघत होते. नंतर काठी टेकत खाली आले. “अहो, हे रेडिएशन आमच्या घरात येणार. आमची नात लहान आहे.” कुणी असं म्हटलं की घाईने “काही होत नाही हो” म्हणून वेळ मारून नेणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. माणसाला आपल्या घरात काय येतंय हे विचारायचा हक्क आहे. मी मीटर घेऊन वर गेलो. सप्टेंबर २०१२ मध्ये भारताने टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, हे सांगितलं. खिडकीत मोजलं. त्या कमी केलेल्या मर्यादेच्याही पाच टक्क्यांच्या आत होतं.

मग त्यांना मागच्या स्वयंपाकघरात नेलं आणि टेस्टचा फोन ओट्यावर ठेवला. डबा बंद असताना फोन स्वतः ८० मिलिवॅटने ओरडत होता, कारण त्याला लांबच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायचा होता. डबा चालू केला, फोन त्याच्यावर गेला आणि आकडा दीड मिलिवॅटवर आला. आजोबा वाकून पडद्याकडे बघत होते. “म्हणजे नातीच्या कानाशी जो असतो तो फोनच आता कमी ओरडतो?” मी हो म्हटलं. ते निवृत्त शिक्षक निघाले. तरीही मी अँटेनाचं तोंड त्यांच्या खिडकीपासून थोडं वळवून बोळाच्या दिशेने केलं. गर्दी त्याच बाजूला होती, आमचं काही गेलं नाही.

जुलैच्या शेवटी चारही डबे लागले, पण पहिले आठ दिवस वाईट गेले. डब्यांना पत्ता लागतो. तो ० ते ५०३ मधला एक क्रमांक असतो आणि आमच्या दोन डब्यांना शेजारच्याच टॉवरशी जुळणारा क्रमांक पडला होता. टॉवर फोनला सांगायचा अमक्या क्रमांकाकडे जा, फोन भलत्याकडेच जायचा आणि कॉल तुटायचा. ते दुरुस्त केलं. मग रिक्षातले आणि दुचाकीवरचे फोन. ते सत्तर मीटरच्या हद्दीत पाच-सात सेकंद येतात, डब्यावर उडी मारतात आणि लगेच परत उडी. त्यांच्यासाठी थांबायचा वेळ वाढवला, म्हणजे डब्याचा सिग्नल काही क्षण टिकून दिसला तरच तिकडे जायचं. हे आकडे ऑफिसात बसून लागत नाहीत. मी रिक्षा करून लक्ष्मी रस्त्याला किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. रिक्षावाल्या दादांनी मात्र तिसऱ्या दिवशी विचारलं, “साहेब, नक्की जायचंय कुठं?”

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी साडेसहाला मी मावशींच्या पथारीशी उभा राहिलो. मुद्दाम काही बोललो नाही. एका मुलीने कोड स्कॅन केला. मावशींच्या मांडीशेजारचा स्पीकर बोलला, “एकशे वीस रुपये प्राप्त झाले.” मग दुसरीकडे ऐंशी. मग पलीकडच्या रुमालवाल्याचा स्पीकर. एकदम तीन-चार ठिकाणांहून ते आवाज यायला लागले. मी फोनवर टॉवरचा आकडा उघडला. ज्या दोन सेक्टरवर मी चालू थर बंद केला होता, त्यांचे तुकडे शनिवारी संध्याकाळी पहिल्यांदाच शिल्लक दिसत होते. साहेबांना त्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दात आलं, “छान.” त्यांच्याकडून एवढं पुष्कळ असतं.

गणपतीत डब्यांची मर्यादाही दिसली. तुळशीबागेचा गणपती हा मानाचा चौथा. त्या दहा दिवसांत या भागातली गर्दी नेहमीच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. एक डबा कापडाने मढवलेल्या कमानीमागे गेला. पाऊस पडून कापड भिजलं की त्याची हद्द आणखी कमी व्हायची. कार्यकर्त्यांना विनंती केली तर त्यांनी रात्रीच ते कापड दोन फूट बाजूला घेतलं. विसर्जनाच्या दिवशी चारही डबे काठोकाठ भरले आणि चाकांवरचा टॉवर आणून उभा करावा लागला. वर्षातल्या त्या एका दिवसासाठी कायमचे डबे वाढवणं परवडत नाही, आणि वाढवूही नयेत असं माझं मत आहे. पण उरलेल्या बावन्न शनिवारांसाठी चार डबे पुरले.

या कामानंतर मला इतर शहरांतून विचारणा झाली, डबा कुठल्या कंपनीचा घ्यावा? मला तो प्रश्नच शेवटचा वाटतो. आधी विचारा की गर्दी नेमकी कुठे थांबते, तिथे चोवीस तास वीज कुणाकडे आहे, आणि फायबर कुणाचं येऊन ठेपलंय. या तिन्हींचं उत्तर एका खांबाच्या वीस पावलांत असेल तर काम स्वस्तात होतं. नसेल तर डबा फुकट मिळाला तरी महागच.

यंदा त्या चौथ्या जागेचा वाडा पाडायला काढला आहे. जिन्यातला मीटर जाणार, डबा हलवावा लागणार. परवा मी वही घेऊन पुन्हा त्या बोळात फिरत होतो. मावशींनी हाक मारली, बसायला स्टूल दिलं. कशासाठी फिरतोय ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि थेट पलीकडे बोट दाखवलं. “त्या पोळपाट-लाटणंवाल्याचं बघ. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, लाईट गेली तरी त्याचा पंखा फिरतो. केबलवाल्याचा डबा त्याच्याच जिन्यात आहे. आणि बायका त्याच्यासमोर घासाघीस करत पंधरा-पंधरा मिनिटं उभ्या असतात.”

मी पावलं मोजली. खांब त्याच्या दारापासून अकरा पावलांवर आहे.